बिल्डिंगवाल्या वहिनी

नवी इमारत दिसली की माणसं तिचा रंग बघतात, काचा बघतात, कुणी बांधली ते विचारतात. आमच्या वहिनी आधी बंद शटरं बघायच्या. बारामतीत रस्त्याकडेला एखादं नवं कॉम्प्लेक्स उभं राहिलं की गाडीची काच खाली करून म्हणायच्या, "भावजी, जरा हळू घ्या की. वरचा मजला सगळा मोकळाच हाय बघा. 'भाड्याने देणे'ची पाटी हाय, आणि पाटीचा रंग बी उडून गेलाय."

"मग? आपल्याला घ्यायचाय का गाळा?" मी विचारायचो.

"घ्यायचा न्हाय ओ. पण रिकामी जागा बघितली की माझ्या जिवाला चैन पडत न्हाय." मागून ट्रकवाला हॉर्न मारून शिव्या घालत असायचा आणि ह्या बाईंचं आपलं वर बघणं चालूच.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर कन्हेरीचं, सासर आमचं शेळगावचं. दादा लोणी देवकरला कंपनीत शिफ्टवर जातो. वडील फार पूर्वीच गेले, त्यामुळं घरी आई, मी, थोडा ऊस आणि ढोबळी मिरचीचं शेडनेट. लग्नाआधी वहिनी पुण्यात एका कंपनीत होत्या. परदेशातल्या ऑफिसांच्या इमारतींचा अभ्यास करायचं काम. कुठल्या मजल्यावर कोण भाडेकरू, करार किती वर्षांचा, भाडं दरसाल किती वाढणार, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. मग ते सॉफ्टवेअर सांगणार की पुढच्या दहा वर्षांत इमारत काय देईल आणि आज तिची किंमत किती धरावी. लग्न झालं, वहिनींनी ते काम सोडलं. मग काही वर्षांनी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं.

तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी त्यांना बारामतीला डायलिसिसला न्यायचं. दादाची शिफ्ट, म्हणून गाडी मी चालवायचो. अंथुर्णे, लासुर्णे, सणसर, दोन्ही बाजूंना ऊस, आणि शेजारी वहिनी काच खाली करून बसलेल्या. दवाखान्यात चार तास खाटेवर पडून राहायचं. डावा हात मशीनला जोडलेला, तो हलवायचा नाही. बाकीची पेशंट मंडळी डोळे मिटून पडायची, कुणी मोबाइलवर भजन ऐकायचं. पहिली दीड-दोन वर्षं वहिनीपण छताकडं बघत पडल्या. मग एका गुरुवारी पिशवीतून लॅपटॉप निघाला.

त्यांच्या जुन्या कंपनीतल्या साहेबबाईंनी शब्द दिला होता. त्या सॉफ्टवेअरची परीक्षा असते, तिचं सर्टिफिकेट मिळव, मग घरी बसून काम देते. वहिनींनी मला हे अशा आवाजात सांगितलं, जशी काय पंचायत समितीची उमेदवारी मिळाली! मी म्हणालो, "वहिनी, तब्येत सांभाळा आधी. कशाला डोक्याला ताप?"

त्यांनी उजव्या हातानं लॅपटॉपवरची धूळ पुसली. मग हळू म्हणाल्या, "भावजी, गावात कुणी बी भेटलं की मला विचारतं, 'आता कसं वाटतंय?' दोन वर्षं झाली, मला दुसरं काय विचारलंच न्हाय कुणी. मला एकदा तरी कुणीतरी विचारू दे, 'काम कसं चाललंय?' आजारी सून म्हणून नाव राहायला नको माझं. एवढंच पायजे बघा मला."

मी लॅपटॉप पेशंटच्या जेवणाच्या सरकत्या टेबलावर ठेवला आणि टेबल खाटेजवळ ओढलं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बी. कॉम. झालो होतो, पण ते कसं झालो हे आमच्या कॉलेजलाच ठाऊक. "तुमी नुसती बटणं दाबा, डोकं माझं," वहिनी म्हणाल्या. एका हातानं टाइप करत बसलं की त्यांचं बीपी पडायचं, म्हणून बोटं माझी. त्या उजव्या हातानं स्क्रीनवर खूण करायच्या आणि मी भरत जायचो. चुकलं की म्हणायच्या, "वा! पाडली का बिल्डिंग? उभी करा परत."

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मोठी मजेशीर होती. पुस्तकातलं इंग्रजी वाचून दाखवायच्या, मी तोंड वासून बघायचो, मग त्या ते पुस्तक बाजूला ठेवायच्या. "हे बघा, नवा भाडेकरू आणायचा म्हंजी उसाची लागण. खर्च जास्ती. दलालाला द्या, रंगरंगोटी करा, बेणं घ्या. आणि जुन्यानंच करार वाढवला, तर तो खोडवा. त्याच बुडख्यातनं परत फुटतंय, खर्च कमी. आता हे सॉफ्टवेअर विचारतंय, जुना माणूस राहील याची आशा किती टक्के? म्हंजी खोडवा किती साधंल ते सांगा." मला झटक्यात कळायचं. आजही मी कामाला बसलो की मनात लागण आणि खोडवाच चालू असतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंडातून निघू नये म्हणून जपावं लागतं.

एकदा त्यांनी सरावासाठी एक अख्खी इमारत मला एकट्याला भरायला दिली. मी झ्याकपैकी भरली. किंमत अशी काही वर गेली की वहिनी खाटेवर उठून बसायच्या बेतात. नर्स ओरडली. वहिनींनी एकेक पान मागं घ्यायला लावलं आणि चोर सापडला. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत जागा किती महिने रिकामी राहील, असा एक रकाना असतो. त्यात मी सगळीकडं शून्य टाकलं होतं.

"हे काय केलंत?"

"मग? पाण्याखालचं रान कुणी मोकळं ठेवतं का? एक पीक निघालं की दुसरं तयारच पायजे. कालव्याची पाळी काय आपल्यासाठी थांबतीया?"

वहिनी इतक्या हसल्या की मशीन वाजायला लागलं. परत नर्स. परत ओरडा. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "आवो, ही ढोबळी मिरची न्हवं. माणसं राहत हुती तितं. माणूस गेलं की जागा लगीच भरत न्हाय, भावजी. रिकामे महिने धरावंच लागत्यात."

मी आपलं शून्य खोडून सहा टाकलं. किंमत धाडकन खाली आली.

शेजारच्या खाटेवर माळेगावचे एक आबा असायचे. ऐंशीच्या घरातले, पण कान तिखट. आमचं सगळं ऐकायचे. एके दिवशी न राहवून त्यांनी विचारलं, "बाई, ह्या एवढ्या बिल्डिंगी हायत्या तरी कुणाच्या?"

"कुणाच्या का असंनात, आबा."

"तुला काय भेटतं मग?"

"डोकं चालू राहतं."

"ते ब्येस हाय," आबा म्हणाले. "माझं नातू म्हणत्यात, आबा, तुमी डोकं बंदच ठेवा." आणि त्या दिवसापासून त्यांनी वहिनींचं नाव 'बिल्डिंगवाली' ठेवलं. आत आले की, "आली का बिल्डिंगवाली? आज किती मजले?" ते नाव नर्सांनी उचललं, मग माझ्यामुळं शेळगावात आलं. लोक हसायचे, पण वहिनींना ते नाव फार आवडायचं. त्यात आजाराचा उल्लेख नव्हता ना!

एका सोमवारी आम्ही गेलो तर आबांच्या खाटेवर दुसराच कोणीतरी माणूस होता. चादरही बदललेली. वहिनींनी नर्सकडं बघितलं, नर्सनं मान हलवली. त्या दिवशी लॅपटॉप पिशवीतच राहिला. परत येताना सणसरपर्यंत काच वरच होती. मग त्या म्हणाल्या, "आबांच्या खाटंला रिकामे महिने न्हाईत, भावजी. एक दिस बी न्हाय." मी उगाच गाडीचा गिअर बदलला.

अशा एखाद-दुसऱ्या वाक्यापलीकडं त्या रडगाणं गायच्या नाहीत. उलट असली काही चेष्टा करायच्या की ऐकणाऱ्यालाच रडू यावं. स्क्रीनवर तो खोडव्याचा रकाना आला की डोळे मिचकावून म्हणायच्या, "माझा करार वाढायची आशा किती टक्के धरू ओ?" मी म्हणायचो, "शंभर." "हॅ! शंभर टाकलं की परीक्षक नापास करतोय." दादासमोर मात्र हे कधी बोलल्या नाहीत. दादाला त्या एवढंच विचारायच्या, "डबा खाल्ला का सगळा?"

शेवटी परीक्षेची तारीख मिळाली. परीक्षा घरूनच, पण नियम असे की देवाला घाम फुटावा. खोलीत एकटंच बसायचं. टेबलावर, भिंतीवर काही नको. लॅपटॉपचा कॅमेरा चालू, आणि तिकडं कुठंतरी बसलेला माणूस सारखा तुमच्याकडं बघणार. कुणी आत आलं, कुणाचा आवाज आला, की परीक्षा बंद. आम्ही पुढची खोली रिकामी केली. कालनिर्णय काढलं, घड्याळ काढलं. खंडोबाचा फोटो उतरवताना वहिनींनी आईला विचारलं, आणि आईनं तो पदरात घेतला. मी आईला दहादा बजावलं, "बोलायचं न्हाय. त्या कॅमेऱ्यात दिसायचं न्हाय." आई म्हणाली, "मला काय येडी समजतो का रं?"

दादा ड्यूटीवर होता. माझ्याकडं बाहेरचा बंदोबस्त. आमच्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर गाणी अशी लागतात की इंदापुरात वरात निघाली असं वाटावं, म्हणून मी रस्त्यालाच उभा होतो. वहिनी आत गेल्या, दार लावलं. अर्धीअधिक परीक्षा झाली असेल.

आणि स्वयंपाकघरात आईला आठवलं, की दही राहिलं.

आमच्याकडं कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. पण वहिनींनी उंबरा ओलांडलाच नव्हता. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत गेल्या, एवढंच. त्यात एरवी दही घालायच्या त्या वहिनीच, त्यामुळं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आता सांगा, पोरीची जन्माची परीक्षा, आणि हात कोरडा! आईचा जीव खालीवर व्हायला लागला. तिला मी दोन नियम सांगितले होते, आणि तिनं दोन्ही पाळले. पदराचा बोळा तोंडात धरला. दार हळूच लोटलं. आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ती बाई फरशीवर बसून सरकत सरकत वहिनींच्या खुर्चीपर्यंत गेली, आणि खालून नुसता हात वर केला. हातात दह्याची वाटी.

कॅमेऱ्यात गेला तो तेवढा हात. बिनबांगड्यांचा.

लॅपटॉपातून इंग्रजीत आवाज आला. मी खिडकीशी धावलो तेव्हा स्क्रीनवर लाल पट्टी आली होती. परीक्षा बंद. आई खाली फरशीवर बसलेली, तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी फार वाईट झालंय एवढं कळलं होतं. वाटी तशीच वर धरलेली.

मला वाटलं, वहिनी आता रडतील, नाहीतर ओरडतील. ओरडल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता. वहिनींनी वाटीकडं बघितलं. मग आपला उजवा हात पुढं केला, आईनं त्यावर दही घातलं, आणि वहिनींनी ते खाल्लं. तळहात चाटूनपुसून. तो तिकडचा माणूस बघत असेल तर बघत असेल.

"गोड हाय, आई," त्या म्हणाल्या. "साखर आज जरा जास्तच पडली."

नंतर मी मिरचीच्या शेडमध्ये दगडावर बसून चडफडत होतो, तर त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "तुमाला रागच येत न्हाय का ओ? माणूस हाय का दगूड?"

"येतोय की. लई आलाय. आता न्हाणीत जाऊन रडून आले." डोळे लालच होते. "पण भावजी, आईंच्या हाताला आजवर कुणी यश दिलं? मामंजी गेल्यापास्नं लोकं त्यांना कुठल्या कार्यात पुढं हुऊ देत न्हाईत. माझ्या लग्नात बी मागं भिंतीला टेकून उभ्या हुत्या. आज आपणहून हात पुढं केला त्यांनी. परीक्षा परत देता येती. तो हात तसाच माघारी फिरला असता, तर परत कधी वर आला नसता."

परीक्षावाल्यांना त्यांनी खुलासा पाठवला. आत आलेला हात सासूबाईंचा होता आणि हातात उत्तर नव्हतं, दही होतं, हे इंग्रजीत लिहिताना आम्ही दोघंही हसून बेजार झालो. त्या लोकांनी सभ्यपणे कळवलं, की परत बसता येईल, पण मधे काही महिने थांबावं लागेल.

"थांबू की," वहिनी म्हणाल्या. "रिकामे महिने धरलेलेच बरं असत्यात."

पण ते महिने त्यांचे नव्हते. दोन-तीन आठवड्यांत ताप आला. डायलिसिसच्या हातातूनच जंतुसंसर्ग झाला म्हणाले. बारामतीहून पुण्याला हलवलं. अॅम्ब्युलन्समध्ये दादा त्यांच्या उशाशी आणि मी पुढं. हायवेला लागल्यावर त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं पाणी मागतील. म्हणाल्या, "भावजी, सरावाची ती चार मजल्यांची बिल्डिंग अर्धी राहिलीया. तेवढी पुरी करा." मी म्हणालो, "दोघं मिळून करू." त्यांनी डोळे मिटले. पुण्यातून आम्ही परत आलो, ते वहिनींचा देह घेऊनच. आजही तो रस्ता मला नकोसा होतो. त्या रस्त्याला इतक्या इमारती झाल्यात, मी एकीकडंही मान वर करून बघत नाही.

दशक्रियेला पाहुणेमंडळी जमली, आणि कावळा शिवून व्हायच्या आत कुणीतरी दादाच्या कानाशी लागलं, सणसरकडं एक स्थळ हाय, गरीबाघरची हाय, आईचं वय झालं, घराला बाई पायजे. दादा मातीकडं बघत बसला होता. मी आयुष्यात कधी थोरांपुढं तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी उघडलं. "माणूस गेलं की जागा लगीच भरत न्हाय," मी म्हणालो. "रिकामे महिने धरावं लागत्यात." कुणाला काही कळलं नाही. पोरगं दुःखानं बरळतंय म्हणाले आणि विषय सोडला.

घरात मात्र एक गोष्ट घडली. आईनं विरजण लावायचं बंद केलं. दोन म्हशी दावणीला, आणि घरात दह्याचा थेंब नाही. सगळं दूध डेअरीला. दादा कोरडा भात गिळायचा, मीही गिळायचो. एकदा शेजारची म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन आली, तर आई मागल्या दारानं शेतात निघून गेली. माझ्या हातानंच पोरीचं वाटोळं केलं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दादानं सांगितलं, दह्याचा आणि तापाचा काय संबंध? ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "माझा हातच तसला हाय, बाबा."

मी ती चार मजल्यांची बिल्डिंग पुरी केली. मग दुसरी केली. मग त्या साहेबबाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही देता का परीक्षा?" मी हो म्हणालो. कसं म्हणालो देव जाणे. खाटेशेजारी बसून बटणं दाबणारा मी माणूस!

परीक्षेच्या दिवशी पुन्हा कालनिर्णय उतरवलं, घड्याळ उतरवलं. खंडोबाचा फोटो उतरवायला आईला हाक मारली, तर आई घरात नव्हती. विहिरीवर गेलो. ती पार तिकडं, चिंचेखाली, घराकडं पाठ करून बसली होती.

"आई, घरी चल."

"तुझं हुईस्तवर मी न्हाय येत. हितंच बरी हाय मी."

"दही घालायचं राहिलंय."

तिनं वर बघितलंच नाही. "घरात दही कुठं हाय रं?"

"मग मी बी न्हाय बसत परीक्षेला," मी म्हणालो आणि तिच्या शेजारी मातीत बसकण मारली. "वहिनींनी त्या दिवशी परीक्षा बुडाली तरी तुझ्या हातचं दही टाकलं न्हाय. आणि तू त्यांचं एवढं बी ऐकत न्हाईस व्हय? आईंचा हात माघारी फिरू नये म्हणून खाल्लं, असं मला म्हणाल्या हुत्या त्या. ह्याच कानांनी ऐकलंय मी, मिरचीच्या शेडात."

हे मी तिला आधी कधी सांगितलं नव्हतं. आई तोंडात पदर कोंबून अशी रडली, की वहिनींना नेलं त्या दिवशीसुद्धा तशी रडली नव्हती. मी रडू दिलं. मलाही कुठं आवरत होतं?

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि खाली बघत म्हणाली, "काल लावलंय इरजान. लहान गाडग्यात. माळ्यावर दडवून ठिवलंय. लावलं तर खरं, पण हात धजंना."

आम्ही घरी आलो. तिनं हातपाय धुतले, गाडगं खाली घेतलं, साखर घातली. पुढच्या खोलीत मी खुर्चीवर बसलो, कॅमेरा अजून बंद होता. आईनं माझ्या उजव्या हातावर दही घातलं. मी खाल्लं. मला वाटलं, आता ती जाईल. तिनं परत चमचा भरला.

"तिच्या वाटचं बी तूच खा," ती म्हणाली.

मी डावा हात पुढं केला.

मग आई बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. मी हात पुसले आणि कॅमेरा सुरू केला.